गिटारच्या पोटात इफेक्ट बसवताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

गोव्यात फोंड्याला माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या गिटारांपैकी एक प्रकार मी दुरूनच ओळखतो. पिकगार्डचे (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या झाकणाचे) दोन-तीन स्क्रू गायब, जॅक ढिला, आणि फटीतून बॅटरीची लाल वायर डोकावते आहे. मुलाने कुठूनतरी इफेक्टच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या किंवा बदलणाऱ्या, सर्किटची आकृती मिळवलेली असते, बोर्ड मन लावून सोल्डर केलेला असतो, आणि तरी गिटार मुकी. उघडून बघावे तर बोर्ड ठीक, गिटारही ठीक. घोळ असतो तो दोघांना जोडणाऱ्या सात-आठ वायरींत. तो होतो कारण क्रम उलटा झालेला असतो: आधी गिटार उघडली, मग बोर्ड केला, मग जागा शोधली आणि तपासणी सगळ्यात शेवटी.

म्हणून एक नियम आधीच सांगतो. सर्किट गिटारबाहेर आठवडाभर नीट वाजल्याशिवाय गिटारचा एकही स्क्रू सोडायचा नाही.

## काय बसवायचे आणि काय नाही

पहिल्या वेळी बूस्टर (सिग्नल मोठा करणारे सर्किट) बसवा. त्यालाच दोन डायोड आणि एक छोटा स्विच जोडला की ओव्हरड्राइव्हही (सिग्नल कापून येणारा फाटका आवाज) मिळतो. खाली दिलेले सर्किट तेच आहे: एक आयसी, मूठभर सुटे भाग, ९ व्होल्टची एक बॅटरी.

डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) गिटारच्या आत घालू नका. डिलेसाठी सर्रास वापरली जाणारी पीटी२३९९ ही आयसी एकटीच १५ मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त करंट घेते. चांगल्या ९ व्होल्ट अल्कलाइन बॅटरीत सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे तीसेक तासांत बॅटरी संपली. आपल्या बूस्टरमधली टीएल०७१ साधारण १.४ मिलिअँपिअर घेते. हिशेबाने तीनशे तास कुठे गेले नाहीत. टीएल०६१ मिळाली तर ती ०.२ मिलिअँपिअरवर चालते आणि तिच्या पिना त्याच आहेत. पोटातली बॅटरी बदलायला दर वेळी पिकगार्ड उघडावा लागणार असेल, तर हा फरक मोठा आहे.

सावधान: गिटारमध्ये फक्त बॅटरी. भिंतीच्या प्लगवरचा अॅडॉप्टर गिटारला जोडायची कल्पना मनातही आणू नका. गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात.

## टप्पा १: गिटार आहे तशी तपासून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि मग नंतर आलेली घरघर सर्किटची की आधीपासूनची, हे कुणालाच सांगता येत नाही.

केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. केबलच्या दुसऱ्या टोकाला प्लगची टिप (टोक) आणि स्लीव्ह (मागचा लांब भाग) यांच्यामध्ये मल्टिमीटर ओमवर ठेवून मोजा. सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपला साधारण ५.५ ते ७ किलोओम दिसतात, हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ७ ते ९, जोरकस हंबकरला त्याहून जास्त. तीन सिंगल कॉइलच्या गिटारला सिलेक्टरच्या (पिकअप निवडायच्या स्विचच्या) दुसऱ्या आणि चौथ्या जागी आकडा जवळपास निम्मा येतो, कारण तिथे दोन पिकअप समांतर जोडलेले असतात. तो बिघाड नाही. प्रत्येक जागेचा आकडा वहीत लिहा. शेवटच्या टप्प्यात हेच आकडे लागणार आहेत.

मग मीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप देणाऱ्या जागी) घेऊन एक टोक ब्रिजला, दुसरे केबलच्या स्लीव्हला लावा. बीप आला पाहिजे. नाही आला तर ब्रिजची ग्राउंड वायर आधीच तुटलेली आहे. ती आधी जोडा.

## टप्पा २: जागा मोजा, पुठ्ठ्याने

९ व्होल्ट बॅटरी ४८.५ × २६.५ × १७.५ मिमीची असते. जाड पुठ्ठ्याची त्याच मापाची डबी करा. बोर्डसाठी ३० × २५ मिमीचा तुकडा कापा आणि त्यावर आयसीच्या उंचीसाठी १५ मिमीचा थर्माकोल चिकटवा. पुढे टप्पा ६ मध्ये गिटार उघडेल तेव्हा पहिले काम म्हणजे या दोन डमी आत बसवून पिकगार्ड दाबून बघणे. पिकगार्ड जराही फुगला तर जागा नाही.

मागून झाकण असलेल्या गिटारला बघणे सोपे: चार स्क्रू काढले की कळते. एवढ्यापुरता वरचा नियम मोडायला माझी हरकत नाही.

लाकूड कोरायची वेळ आली तर ते पहिल्या गिटारवर करू नका. करायचेच असेल तर राउटर (लाकूड कोरायचे यंत्र) असलेल्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घ्या, आणि खाली किमान ५-६ मिमी लाकूड उरेल एवढीच खोली सांगा. आधी एका बारीक भोकातून जाडी मोजायला लावा. मेस्ताचा हात कितीही सरावलेला असो, गिटारच्या बॉडीला कुठे आधीच पोकळी आहे हे त्याला बाहेरून दिसत नाही.

पुश-पुल पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर, ज्याला ओढून-दाबून चालणारा स्विचही असतो) लावणार असाल तर आणखी दोन मापे घ्या. हा पॉट साध्यापेक्षा बराच उंच असतो, पातळ बॉडीत खाली टेकतो. आणि स्वस्त गिटारांत लहान पॉट असतात, त्यांचे भोक ७ मिमीच्या आसपास. मोठ्या पॉटला साडेनऊ-दहा मिमी लागते.

## टप्पा ३: सामान

साध्या गोष्टी पणजी-मडगावच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत मिळतात. आयसी आणि पुश-पुल पॉट मात्र बहुधा मागवावे लागतात.

- टीएल०७१ किंवा टीएल०६१, दोन नग, आणि ८ पिनांचा आयसी बेस
- रेझिस्टर (के म्हणजे किलोओम, मेग म्हणजे मेगाओम): १०० के तीन, १० के एक, ४.७ के एक, १ मेग एक, २.२ मेग एक
- १०० के प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) एक
- कंडेन्सर: ०.०२२ मायक्रोफॅरड (अंगावर २२३ लिहिलेले) एक, ०.१ मायक्रोफॅरड (१०४) एक, १ मायक्रोफॅरड दोन, १० मायक्रोफॅरड एक, १०० मायक्रोफॅरड १६ किंवा २५ व्होल्टचा एक, १०० पिकोफॅरड एक
- डायोड: १एन४१४८ दोन, १एन५८१७ एक
- पुश-पुल पॉट (तुमच्या टोन पॉटच्याच ओमचा: सिंगल कॉइलला बहुधा २५० के, हंबकरला ५०० के), डायोडसाठी लहान टॉगल
- स्टिरिओ जॅक, बॅटरी स्नॅप, झीरो बोर्ड (भोके पाडलेला कोरा बोर्ड), बारीक शिल्डेड वायर, वायरवर चढवायची प्लास्टिकची स्लीव्ह, कॉपर टेप

दुकानदार "टीएल०७१ नाही, टीएल०७२ घ्या, एकच आहे" म्हणेल. एकच नाही. ०७१ मध्ये एक अँप्लिफायर असतो आणि पॉझिटिव्ह सप्लाय ७ नंबरच्या पिनवर. ०७२ मध्ये दोन असतात आणि सप्लाय ८ वर. ०७१ च्या बेसमध्ये ०७२ खोचली की काहीच वाजत नाही, आणि लोक दोन दिवस सोल्डर तपासत बसतात.

सोल्डर ६०/४० चे, ०.८ मिमी, आत रोझिन असलेले. डबीतली आम्लयुक्त फ्लक्स पेस्ट वापरू नका. आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात तिने सांधे हिरवे केलेले मी पाहिले आहेत. बोर्डसाठी २५ वॅटचा आयर्न पुरतो. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला ४० ते ६० वॅटचा लागतो.

## टप्पा ४: बोर्ड

आयसीचा खाचेचा भाग वर धरला की डावीकडे वरची पिन १. तिथून खाली ४ पर्यंत आणि उजवीकडून वर ५ ते ८.

सप्लाय. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १एन५८१७ मधून पिन ७. डायोडवरची पट्टी आयसीच्या बाजूला. बॅटरी क्षणभर उलटी टेकली तरी आयसी वाचते ती याच्यामुळे. पिन ४ ग्राउंडला. १०० मायक्रोफॅरड सप्लाय आणि ग्राउंडमध्ये, आणि ०.१ चा कंडेन्सर पिन ७ व ४ च्या शक्य तितक्या जवळ.

निम्मा व्होल्टेज. पिन ७ पासून १०० के, त्यापुढे दुसरा १०० के ग्राउंडला. दोघांच्या सांध्यावर साडेचार व्होल्टच्या आसपास तयार होतात. त्या सांध्यावरून १० मायक्रोफॅरड ग्राउंडला. या बिंदूला मी पुढे "मधला" म्हणेन.

इनपुट. इनपुटची वायर ०.०२२ मधून पिन ३ ला. पिन ३ पासून १ मेग मधल्याला. आणि इनपुटच्या वायरवर, कंडेन्सरच्या अलीकडे, २.२ मेग ग्राउंडला. हा शेवटचा रेझिस्टर फालतू वाटतो, म्हणून गाळला जातो. स्विच ओढल्यावर अँपमधून "ठप्प" असा आवाज येतो तो त्याच्या अभावी.

गेन (सिग्नल किती पट करायचा ते). पिन ६ आणि पिन २ यांच्यामध्ये १०० के प्रीसेट. मधली पिन एका टोकाच्या पिनला जोडून टाका. त्याच्यावर समांतर १०० पिकोफॅरड. पिन २ पासून १० के, पुढे १ मायक्रोफॅरड ग्राउंडला, कंडेन्सरचे पॉझिटिव्ह १० के च्या बाजूला. प्रीसेट पूर्ण उघडला की सिग्नल ११ पट होतो, पूर्ण बंद केला की १ पट.

आउटपुट. पिन ६ पासून १ मायक्रोफॅरड (पॉझिटिव्ह पिन ६ कडे), पुढे ४.७ के, तिथून आउटपुटची वायर. आउटपुटवरून तिसरा १०० के ग्राउंडला. दोन १एन४१४८ एकमेकांना उलटे, समांतर जोडा. त्या जोडीचे एक टोक आउटपुटला, दुसरे लहान टॉगलमधून ग्राउंडला. टॉगल चालू म्हणजे सिग्नल ०.६ व्होल्टच्या आसपास कापला जातो आणि ओव्हरड्राइव्ह मिळतो. कापणे कठोर वाटले तर डायोडऐवजी दोन लाल एलईडी उलटसुलट लावून बघा. ते दीड-पावणेदोन व्होल्टवर कापतात, आवाज मोठा आणि जास्त मोकळा येतो. मला स्वतःला सिंगल कॉइलवर एलईडीच आवडतात.

तपासा: प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरने मोजा. १० के, १०० के आणि १ मेग यांच्यात फक्त एका पट्टीच्या रंगाचा फरक असतो, आणि पिवळ्या बल्बखाली तपकिरी, लाल, नारिंगी सारखेच दिसतात.

तपासा: आयसी बेसमध्ये न घालता, बॅटरी न लावता, सप्लाय आणि ग्राउंड यांच्यात कंटिन्युइटी बघा. कंडेन्सर भरताना क्षणभर बीप येऊन थांबला तर चालेल. वाजतच राहिला तर शॉर्ट आहे.

## टप्पा ५: गिटारबाहेरची तपासणी

या टप्प्याला घाई करू नका. इथे घालवलेली एक संध्याकाळ पुढच्या तीन वाचवते.

आधी आयसीशिवाय बॅटरी लावा. बेसच्या पिन ७ आणि ४ मध्ये बॅटरीपेक्षा किंचित कमी व्होल्टेज दिसला पाहिजे. मग बॅटरी काढून आयसी बसवा, पुन्हा लावा आणि ग्राउंडच्या तुलनेत मोजा:

- पिन ७: साधारण ९ व्होल्ट किंवा थोडे जास्त, बॅटरी नवी असेल तर
- मधला बिंदू: त्याच्या निम्म्याच्या आसपास
- पिन ६: निम्म्याच्या आसपास

पिन ३ वर आकडा कमी दिसेल, त्याने घाबरू नका. तिथे व्होल्टेज १ मेगमधून येतो आणि मीटर स्वतः भार टाकतो. दहा मेगाओमच्या मीटरवर चारच्या आसपास दिसेल. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरचा भार बहुधा १ मेगाओमचा असतो, त्यावर दोनच्या आसपास. एका विद्यार्थ्याने हा आकडा बघून तीन आयसी बदलल्या होत्या. तिन्ही चांगल्या होत्या.

पिन ६ वर शून्य किंवा थेट सप्लायइतका आकडा असेल तर पिन २ ची जोडणी तुटली आहे किंवा आयसी उलटी बसली आहे.

करंट मोजा. स्नॅपचे एकच टोक बॅटरीला लावा, दुसऱ्या टोकाच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर मिलिअँपिअरवर. टीएल०७१ ला दीडच्या आसपास. पाचच्या वर गेला तर लगेच काढा.

आता वाजवून बघायचे. मी यासाठी एक साबणाची प्लास्टिक डबी ठेवली आहे: दोन बाजूंना दोन जॅक, आतून चार क्रोकोडाइल क्लिप. बोर्ड क्लिपांना लावला की गिटार एका बाजूला, अँप दुसऱ्या बाजूला. प्रीसेट अर्ध्यावर ठेवून सुरुवात करा, अँपचा आवाज कमी. मग आठवडाभर, तुम्ही जसे वाजवता तसे वाजवा. प्रीसेट कुठे ठेवायचा, डायोड की एलईडी, हे याच काळात ठरवा. गिटार बंद झाल्यावर प्रीसेट फिरवायला पुन्हा सगळे उघडावे लागते.

सावधान: डबीत शिट्टी वाजत असेल, रेडिओ ऐकू येत असेल, तर तो दोष पोटात गेल्यावर आपोआप जाईल असे समजू नका. इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींपासून लांब करा, १०० पिकोफॅरड खरोखर लागला आहे का ते बघा.

## टप्पा ६: गिटार उघडणे आणि शिल्डिंग

गिटारला नव्या तारा लावायची वेळ येईल तेव्हाच हे काम काढा, म्हणजे जुन्या तारा काढून टाकून मोकळेपणी काम होते. टेबलावर जाड टॉवेल, बॉडीवर दुसरा. सोल्डरचा थेंब पॉलिशवर पडला की कायमचा डाग राहतो.

उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा: एक पूर्ण, मग प्रत्येक पॉटचा, सिलेक्टरचा, जॅकचा जवळून. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. काळी म्हणजे ग्राउंड, हा नियम स्वस्त गिटारांत सर्रास मोडलेला असतो. मीटरने ओळखा आणि कागदाच्या चिठ्ठ्या लावा. मग पुठ्ठ्याच्या डमी बसवून बघा.

कॉपर टेप लावायची असेल तर आत्ता, सोल्डरिंगच्या आधी. तुकडे एकमेकांवर चढवा, सांध्यांवर सोल्डरचे थेंब द्या आणि एका वायरने टेप ग्राउंडला जोडा. ग्राउंडला न जोडलेली टेप म्हणजे नुसती शोभा.

## टप्पा ७: स्विच

सर्किट कुठे घालायचे यावर बरीच मते आहेत. व्हॉल्यूमच्या आधी घातले तर व्हॉल्यूम कमी केल्यावरही ओव्हरड्राइव्ह तसाच राहतो. नंतर घातले तर व्हॉल्यूमने ओव्हरड्राइव्हची धार कमी-जास्त होते, पायाखालच्या पेडलसारखी. पहिल्या वेळी नंतर घाला. कारण साधे आहे: एकच वायर कापावी लागते, आणि उद्या सगळे काढून टाकले तर तीच एक वायर परत जोडायची.

एकच व्हॉल्यूम असलेल्या गिटारला ती वायर म्हणजे व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पिनपासून जॅकच्या टिपला जाणारी. दोन व्हॉल्यूम असलेल्या गिटारला सिलेक्टरपासून जॅकला जाणारी.

पुश-पुल पॉट टोनच्या जागी बसवा. टोनच्या पिना जुन्या फोटोप्रमाणेच जोडा, कंडेन्सरसकट. खालच्या स्विचला सहा पिना असतात: दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन.

- डावीकडची मधली: व्हॉल्यूमकडून येणारी वायर
- उजवीकडची मधली: जॅकच्या टिपला जाणारी वायर
- वरच्या दोन्ही पिना: एकमेकींना छोट्या वायरने जोडलेल्या
- डावीकडची खालची: बोर्डाचे इनपुट
- उजवीकडची खालची: बोर्डाचे आउटपुट

नॉब एका बाजूला असताना सिग्नल वरच्या जोडणीतून थेट जॅकला, दुसऱ्या बाजूला असताना बोर्डातून. बॅटरी मेली तरी गिटार थेट बाजूने वाजत राहते. जत्रेच्या नाटकात पडदा वर गेलेला असताना याची किंमत कळते.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्यांतली एक तर पुन्हा पुन्हा: स्विच नव्वद अंशांनी फिरवून धरलेला असतो, उभी रांग आडवी समजली जाते. सोल्डर करण्याआधी मीटरने शोधा. एका उभ्या रांगेत मधली पिन नॉब दाबल्यावर एका टोकाशी आणि ओढल्यावर दुसऱ्या टोकाशी बीप देते. आडव्या शेजारणीशी कधीच देत नाही. पिनांवर मार्करने खुणा करा, मग आयर्न उचला.

बोर्डाच्या इनपुट आणि आउटपुटला शिल्डेड वायर वापरा. शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, दुसऱ्या टोकाला कापून वर स्लीव्ह चढवा. दोन्ही वायरी एकत्र वळू नका. बॉडीच्या दोन बाजूंनी फिरवा.

पॉटच्या पाठीवर ग्राउंड करताना आधी पॉलिश पेपरने घासा, सोल्डरचा पातळ थर द्या, वायरलाही वेगळा थर द्या, मग दोन्ही एकत्र आणून दोन-तीन सेकंद. सोल्डर चकचकीत पसरला पाहिजे. वाटाण्यासारखा गोल बसला तर तो चिकटलेला नाही, नुसता टेकलेला आहे. लहान आयर्न मिनिटभर धरून ठेवला तर सांधा होत नाहीच, आतला पॉट मात्र भाजतो.

## टप्पा ८: जॅक आणि बॅटरी

स्टिरिओ जॅक इथे स्टिरिओसाठी नसतो, बॅटरीच्या स्विचसाठी असतो. त्याला तीन पिना: टिप, रिंग, स्लीव्ह. साधी केबल आत गेली की तिची लांब स्लीव्ह जॅकच्या रिंग आणि स्लीव्ह दोघांना टेकते, म्हणजे त्या दोन पिना जोडल्या जातात. म्हणून:

- टिप: स्विचकडून आलेली वायर
- स्लीव्ह: गिटारचे सगळे ग्राउंड आणि बोर्डाचे ग्राउंड
- रिंग: बॅटरीची काळी वायर, आणि दुसरे काहीही नाही

लाल वायर सरळ बोर्डाच्या डायोडला. केबल काढली की बॅटरी सुटली.

साखळीहून एक मुलगा आला होता. "काका, चवथीपासून तिसरी बॅटरी. रात्री ठेवतो, सकाळी मेलेली." जॅक काढून पाहिला तर काळी वायर ग्राउंडच्या जुडग्यातच सोल्डर केलेली, रिंग रिकामी. सर्किट अहोरात्र चालू होते, आणि त्याने आत एक एलईडीचा दिवाही लावलेला होता, तो कुणाला न दिसता जळत होता. वायर एका पिनवरून दुसऱ्या पिनवर नेली, एवढेच काम होते.

कुठली पिन कुठली हे अंदाजाने ठरवू नका. कापलेल्या केबलचा प्लग जॅकमध्ये घाला आणि मीटरने शोधा. टिपशी बीप देणारी ती टिप. प्लग काढल्यावरही जॅकच्या बाहेरच्या चुडीशी बीप देणारी ती स्लीव्ह. उरलेली रिंग.

तिरक्या कपातल्या जॅकला आणखी एक धोका आहे: प्लग आत गेला की टिपची पट्टी मागे वाकते आणि भोकातल्या कॉपर टेपला टेकते. आवाज गायब. तिथे टेपवर इन्सुलेशन टेपचा थर द्या.

तपासा: बॅटरीच्या एका टोकात मीटर मिलिअँपिअरवर घाला. केबल बाहेर: शून्य. केबल आत: टप्पा ५ मधला आकडा. शून्य म्हणजे पूर्ण शून्य.

## टप्पा ९: बसवणे आणि बंद करण्याआधीची शेवटची तपासणी

बोर्ड आधी पातळ प्लास्टिकमध्ये किंवा रुंद स्लीव्हमध्ये गुंडाळा, मग फोमच्या तुकड्यात. कॉपर टेप लावलेल्या पोकळीत उघडा बोर्ड ठेवला तर पिकगार्ड दाबताच मागचे सांधे टेपला टेकतात. उघडल्यावर वाजते आणि स्क्रू आवळल्यावर बंद पडते, हे लक्षण नेहमी याचेच. बॅटरीलाही फोम द्या, नाहीतर प्रत्येक जोरकस स्ट्रोकला आतून खुळखुळेल.

बॅटरी काढून, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडून, केबलच्या टोकाला पुन्हा ओम मोजा. स्विच थेट बाजूला: वहीतले टप्पा १ चे आकडे जसेच्या तसे आले पाहिजेत. स्विच बोर्डाच्या बाजूला, डायोडचा टॉगल बंद: साधारण १०० किलोओम, कारण तो आउटपुटचा रेझिस्टर आहे. हे दोन आकडे जुळले तर स्विच आणि जॅक बरोबर आहेत, बॅटरी लावा. जुळले नाहीत तर बॅटरी लावून काही उपयोग नाही.

ब्रिज ते स्लीव्ह बीप पुन्हा बघा. काम करताना ती वायर तुटणे अगदी सहज घडते.

## बिघडले तर: लक्षणावरून कारण

थेट वाजते, सर्किट चालू केले की मुके. केबल आत असताना पिन ७ आणि ४ वर व्होल्टेज बघा. नसेल तर रिंगची जोडणी. असेल तर इनपुट-आउटपुटची अदलाबदल.

सर्किटमधून वाजते, थेट मुके. वरच्या दोन पिनांमधली छोटी वायर सुटली आहे.

तारांना हात लावला की घरघर वाढते. जॅकवर टिप आणि स्लीव्ह उलट. हात लावल्यावर घरघर कमी होणे हे मात्र सिंगल कॉइलला सामान्य आहे.

सूर शेवटी तुटक होतो, फुरफुरतो. बॅटरी उतरलेली किंवा मधल्या बिंदूवर निम्मा व्होल्टेज नाही. बॅटरी ७ व्होल्टवर आली की बदला.

शिट्टी. गेन कमी करा, इनपुट-आउटपुटच्या वायरी वेगळ्या करा, शिल्ड खरोखर ग्राउंडला आहे का बघा.

आवाज दबलेला, थेट बाजूलाही. टोनच्या जागी चुकीच्या ओमचा पॉट, किंवा टोनचा कंडेन्सर चुकीच्या पिनला.

## गोव्याच्या हवेसाठी

किनाऱ्याजवळ राहत असाल तर बोर्डाची मागची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून फ्लक्स काढा, वाळवा आणि सांध्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या. आयसी बेस, प्रीसेट आणि स्विचवर तो जाऊ देऊ नका. स्नॅपची टोके वर्षातून दोनदा बघा, पांढरी-हिरवी बुरशी दिसली की स्नॅपच बदला.

जून ते सप्टेंबर गिटार वाजणार नसेल तर बॅटरी काढून ठेवा. बंद केसमध्ये, दमट खोलीत विसरलेली बॅटरी गळते, आणि तो द्रव तांबे आणि सांधे दोन्ही खातो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या महिन्या-दीड महिन्याने बदला.

शेवटचे, सर्किटशी थेट संबंध नसलेले पण तुमच्या जिवाशी असलेले. गिटारच्या तारा अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. जत्रेच्या किंवा फेस्ताच्या मंडपात जनरेटरवर अँप विजेच्या एका बोर्डावर आणि साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्यावर असतो, आणि अर्थिंग दोन्हीकडे नीट असेलच असे नाही. माइकला ओठ लागले की झटका बसतो तो इथून. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा, प्लास्टिकच्या मुठी धरून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरे गिटारच्या ब्रिजला लावा. दहा व्होल्टच्या वर आकडा दिसला तर गिटार खाली ठेवा आणि इलेक्ट्रिशियनने अर्थिंग दुरुस्त करेपर्यंत उचलू नका.